वॉर्डनअक्कांचं ‘नको’

अन्याय झाला तो आमच्या वॉर्डनअक्कांवर. झाला मागच्याच्या मागच्या वर्षी, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. अन्याय करणाऱ्याच्या एका हातात शिऱ्याचं पातेलं होतं, दुसऱ्या हातात डाव, आणि छातीवर हॉस्पिटलचा बिल्ला. मागच्या कापडी फलकावर लिहिलं होतं: वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा स्नेहमेळावा. होय, बरोबर वाचलंत. ज्यांची पोटं कापून मुठीएवढी केली होती, त्या माणसांना एकमेकांचा आधार मिळावा म्हणून बोलावलं होतं, आणि आधार म्हणून तुपात थबथबलेला शिरा वाढला जात होता.

सोबत उप्पीटही होतं. ते असणारच. आमच्या हुबळी-धारवाडात उप्पीट-शिऱ्याशिवाय माणसं जमत नाहीत आणि जमली तर पांगत नाहीत. उद्या आम्ही आमरण उपोषणाला बसलो, तरी मंडपामागे कुणीतरी रवा भाजत उभं असेल.

अक्कांना सोडायला मी गेले होते, म्हणून जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. अक्कांनी ताटली पुढे केली नव्हती. “नको” म्हणाल्या होत्या. हळू म्हणाल्या, पण म्हणाल्या. बिल्लेवाला हसला. “घ्या की हो मॅडम, रोज रोज मिळतंय काय? स्वल्प.” कानडीत स्वल्प म्हणजे थोडं. त्या थोड्यात अर्धी ताटली झाकली गेली. अक्कांनी शिऱ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून तो सगळा खाल्ला. थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, तोंड पांढरं पडलं आणि त्या खुर्चीवरून खाली सरकल्या. भिंतीवर प्रत्येक पेशंटचे दोन मोठे फोटो लावले होते, ‘आधी’ आणि ‘नंतर’. अक्का पडल्या त्या नेमक्या स्वतःच्या ‘आधी’खाली. वरून धिप्पाड अक्का खालच्या वाळलेल्या अक्कांकडे, हॉस्टेलच्या पोरीनं भात टाकल्यावर बघाव्यात तशा बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात जाऊन जाब विचारला. आमच्या संघटनेत मी रुग्णांच्या हक्कांची पत्रकं लिहिते, मराठी आणि कानडी दोन्हींत, तेव्हा जाब विचारायची मला सवय आहे. बिल्लेवाल्याचं पद समन्वयक असं होतं. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, फोर्स कुणी केला? पेशंटनं आपल्या हातानं खाल्लं की.”

तेही खरं होतं. नाही तरी अक्कांना कुणी काही करायला लावलंय असं धारवाडात कुणाला ऐकूनही माहीत नव्हतं. मग त्यांनी तो शिरा का खाल्ला? ते कळायला अक्का माहीत पाहिजेत, आणि समन्वयकाला पेशंट माहीत असण्याचा काही नियम नव्हता.

अक्का धारवाडच्या सरकारी मुलींच्या हॉस्टेलच्या वॉर्डन. हुबळीच्या बौद्ध घरातल्या, माझ्यासारख्याच. लग्न केलं नाही. “साठसत्तर पोरी आहेत, अजून एक नवरा कुठं सांभाळू?” असं म्हणायच्या. देह एवढा, की दारातून येताना आधी उजेड जायचा आणि मग अक्का यायच्या. शहर बसमध्ये बसल्या की कंडक्टरकडून दोन तिकिटं घ्यायच्या. कंडक्टरनं विचारलं तर सांगायच्या, “एक माझं, एक माझ्या शेजाऱ्याचं. तो बसला तर चिरडून मरेल, म्हणून येत नाही. पण त्याची जागा मी खाल्ली की नाही?” खाल्लेल्या गोष्टीचा हिशेब ठेवायचा, हा त्यांचा धर्म. ऑपरेशननंतर वजन उतरलं, एका बाकावर दोघं आरामात मावायला लागली, तरी कितीतरी महिने त्या दोनच तिकिटं घेत राहिल्या. मी हसले तर म्हणाल्या, “हसू नको. शेजारी परत आला तर?”

जेवणाच्या वेळी अक्का स्वतः कधी बसल्या नाहीत. हातात बॅटरी घेऊन रांगांमधून फिरायच्या. दिवे असायचे, तरी बॅटरी. ताटाच्या कडेला सारलेला वांग्याचा तुकडा, मीठ-लोणच्याखाली दडवलेला भात, सगळं त्या उजेडात सापडायचं. हॉस्टेलमधल्या माझ्या पहिल्याच रात्री मी वांगं ठेवलं. बॅटरी माझ्या ताटावर थांबली.

“एनव्वा, हे कुणासाठी ठेवलंस?” एनव्वा म्हणजे कानडीत काय गं.

“कुणासाठी नाही, अक्का.”

“मग सकाळी हे उचलणारी बाई कुणीच नाही म्हण की.”

मी वांगं खाल्लं. त्यानंतर चार वर्षं खाल्लं. आजही समोर वांगं आलं की पाठीचा कणा ताठ होतो. आजारी आहे, पोट दुखतं, उपास आहे, कुठलंही कारण तिथे टिकायचं नाही. “पोट म्हणजे काय सरकारी ऑफिस आहे, आलेला अर्ज परत पाठवायला?” आणि वाढताना तर बाई ऐकायच्याच नाहीत. आमच्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे लाज, दुसरं म्हणजे रीत. तिसरं म्हणेपर्यंत वाढणारा पुढच्या ताटाशी पोचलेला असतो. अक्कांना पहिलंही ऐकू यायचं नाही. पोरी सुट्टीत घरी गेल्या की आया ओळखायच्या नाहीत, इतक्या भरायच्या. गावाकडून आलेल्या वाळक्या पोरी अक्कांनी माणसांत आणल्या, हेही लिहिलं पाहिजे. नाही तर ते पत्रक होईल, आणि पत्रकात मी बरंच काही गाळते.

पोरी उठल्या की अक्का स्वयंपाकघरात जाऊन एकट्या जेवायच्या. काय जेवायच्या? पातेल्यात उरलेलं. सगळं. त्यांचं शास्त्र पक्कं होतं: ताटात राहिलं ते उष्टं, पातेल्यात राहिलं ते अन्न, आणि अन्न टाकायचं नाही. साठसत्तर जणींच्या स्वयंपाकाचा अंदाज रोज थोडा चुकतोच. ती रोजची चूक अक्कांनी नोकरीभर पोटात घातली. लोक म्हणायचे, वॉर्डनबाई सरकारचं खाऊन जाड झाल्या. खरंच होतं. सरकारला त्याचं मेडल द्यायचं सुचलं नाही, एवढंच.

निवृत्त होऊन त्या हुबळीला आपल्या लहानशा घरात राहायला आल्या, तेव्हा गुडघे संपले होते आणि साखर औषधांना दाद देत नव्हती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नाही तर पाय जातील, नाही तर डोळे. अक्कांनी विचार करायला एक रात्र घेतली आणि हो म्हणाल्या. पोट लहान केलं, आतड्याला नवा रस्ता काढून दिला. ऑपरेशन चांगलं झालं, ते मी नाकारत नाही. साखर उतरली. गुडघे चालायला लागले. डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

पुढचं काम आधाराचं होतं, आणि तो जाहिरातीत होता. ‘जन्मभर आम्ही तुमच्यासोबत.’ सोबतीला काय मिळालं, सांगते. एक आहाराचा तक्ता मिळाला, त्यात ओट्स, ब्रॉकोली आणि कसली तरी परदेशी धान्यं. अक्का म्हणाल्या, “ही ब्रॉकोली आपल्या कोबीची कोण लागते?” एक फोन नंबर मिळाला. तो लावला की आधी गाणं वाजायचं, मग एक गोड बाई सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग पुन्हा गाणं. अक्का म्हणाल्या, “आवाज चांगला आहे पोरीचा. जेवलीये की नाही कुणास ठाऊक.” एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मिळाला. त्यावर सकाळी फुलं यायची, दुपारी पोट कमी करायच्या पट्ट्याची जाहिरात यायची. ज्यांनी पोट कापून घेतलं, त्यांना पट्टा! आणि चौथा आधार म्हणजे तो शिरा.

घरी तर विचारूच नका. आमच्याकडे माणूस भेटला की ‘कसे आहात’ विचारत नाहीत, ‘ऊटा आत?’ विचारतात, जेवण झालं का. झालं म्हटलं की ‘कधी? एवढ्यात? काय जेवलात?’ इतकी वर्षं जी बाई गावाला खायला घालत आली, ती तीन घासांत थांबते म्हटल्यावर गाव हादरलं. जुन्या हॉस्टेलच्या पोरी डबे घेऊन यायला लागल्या. त्यांचंही बरोबरच, हेच त्यांना शिकवलेलं. “अक्का, तुम्ही आम्हाला सोडलं होतं काय? आता आम्ही सोडणार नाही!” ताट भरायच्या आणि समोर बसायच्या. ताटात पडलं की अक्का संपवायच्या. संपवलं की न्हाणीत जाऊन ओकायच्या. तोंड धुऊन बाहेर यायच्या आणि पोरीला म्हणायच्या, “चांगलं झालं होतं गं.”

मेळाव्यानंतर हे वाढलं. केस गळायला लागले. मग पायांना मुंग्या यायला लागल्या, चालताना तोल जायला लागला. मी त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. एवढ्यानेच मी गहिवरले. रोज ओकून ओकून अंगातली जीवनसत्त्वं संपलीत म्हणाल्या, इंजेक्शनं सुरू केली, गोळ्या जन्मभर घ्यायच्या असं बजावलं, आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, “अक्का, मी सुया देईन. पण हे ओकणं थांबलं नाही तर पुढच्या वेळी तुम्हाला स्ट्रेचरवरून आणतील, आणि मग मी काय करू शकेन ते मलाही माहीत नाही. पोट भरलं की थांबा. ताटात राहिलं तर राहू द्या. टाकून द्या.”

“ते सोडून दुसरं काही सांगा,” अक्का म्हणाल्या.

“दुसरं नाही.”

 परतताना रिक्षात, केशवापूरच्या चौकात, अक्का एवढंच म्हणाल्या, “मरायचं औषध द्यायला पाहिजे होतं, त्यापेक्षा सोपं.”

मी संतापले आणि संतापल्यावर करते तेच केलं: पत्रक काढलं. ‘आधाराच्या नावाखाली शिरा! रुग्णांच्या जिवाशी खेळ थांबवा!’ खाली मागण्या: फोन उचलणारं माणूस हवं, आपल्या स्वयंपाकातला आहार सांगणारं कुणी हवं, मेळाव्यात खाणं नको. छापून हॉस्पिटलच्या दारात वाटलं. हॉस्पिटलनं खुलासा दिला, की शिऱ्यात साखर कमी होती. आमच्या संघटनेच्या अध्यक्षांनी निषेधाची सभा लावली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “नाष्ट्याला काय सांगूया? नाष्टा नसला तर लोक येत नाहीत बघा.” मी हातातलं पत्रक त्यांच्यापुढे धरलं. ते म्हणाले, “बरं, शिरा नको. नुसतं उप्पीट.”

अक्कांनी पत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं आणि परत दिलं. “मीठ भरपूर आहे. डाळ नाही.”

“म्हणजे काय, अक्का?”

“त्यांनी वाढलं ते लिहिलंस. मी खाल्लं ते नाही लिहिलंस.”

त्या आठवड्यात अक्कांकडे एक गृहस्थ आले. केशवापूरचे कापडाचे व्यापारी, सगळे त्यांना कापडवाले अण्णा म्हणतात. घरची भाषा कानडी, पण मराठी आपल्यासारखी. त्यांचंही तेच ऑपरेशन झालं होतं, अक्कांच्या आधी वर्षभर. मेळाव्यात ते अक्कांच्या मागच्याच रांगेत होते. त्यांनीही शिरा खाल्ला होता आणि जिन्याखाली जाऊन ओकले होते. पुरुषमाणूस म्हणून आवाज होऊ दिला नव्हता. येऊन टोपी मांडीवर ठेवून बसले.

“अक्का, मला सासुरवाडीनं मारायला घेतलंय बघा. गेलो की सासूबाई रडतात. जावई खाईना म्हणून. रडल्या की मी खातो. खाल्लं की त्या हसतात, मी मरतो.”

“मग सांगा की, नको म्हणून.”

“सांगता येत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो? तुम्हाला तरी जमलं काय त्या दिवशी?”

अक्का पहिल्यांदाच हसल्या. खूप महिन्यांनी. “नाही. मला ‘नको’ म्हणता येत नाही, अण्णा. जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाही, मग म्हणायला कुठनं शिकणार?”

तिथे ते ठरलं. मी सभा, ठराव, निवेदन यांची यादी मनात करत होते, आणि ही दोन वाळलेली माणसं एकमेकांना सांगत होती की आपण तालीम करू. रविवारी सकाळी, अक्कांच्या पुढच्या खोलीत. ऑपरेशन झालेल्यांनी यायचं. खायला काही मिळणार नाही, पाणी आपलं आपण आणायचं. एकानं ताट घेऊन बसायचं, दुसऱ्यानं पातेलं घेऊन वाढायचं. पातेलं रिकामं. वाढणाऱ्यानं जिवाच्या आकांतानं आग्रह करायचा, बसलेल्यानं टिकायचं. बस, एवढंच.

आणि वाढायला अक्का. दुसरं कोण? मी हुबळीत पुष्कळ पुढारी बोलताना ऐकलेत. माणसाला मुळापासून हलवणारं भाषण मी त्या खोलीत ऐकलं, रिकाम्या पातेल्यावरचं.

“काय अण्णा, गरिबाच्या घरचं गोड लागत नाही वाटतं?”

“तसं नव्हे अक्का, डॉक्टरनी—”

“डॉक्टर येणार आहे काय तुमच्या पोरीच्या लग्नात वाढायला? खावा. आईनं केलंय. उजवा हात चालत नाही तिचा, डाव्या हातानं ढवळलंय सकाळपासनं. म्हणाली, अण्णा येणार आहेत.”

अण्णांचे डोळे भरून आले. अक्कांची आई जाऊन तीस वर्षं झाली होती, हे त्यांना माहीत होतं. “घाला,” ते म्हणाले. “थोडं घाला.”

“मेलात!” अक्का ओरडल्या. “उठा. तोंड धुवा. परत बसा.”

हळूहळू माणसं वाढली. एक बँकेतली मुलगी यायची, तिला तिच्या ऑफिसात वाढदिवसाच्या केकनं हैराण केलं होतं. तिनं अक्कांपुढे साखरेचं कारण दिलं, अक्का म्हणाल्या गुळाचं आहे. पोट दुखतं म्हणाली, तर ओवा घातलाय. आत्ताच खाल्लं म्हणाली, तर आमच्याकडं यायचं माहीत असून का खाल्लंस? मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, “नको म्हणजे नको!” आणि अक्कांचा डाव हवेतच थांबला.

“हे बघा,” अक्का सगळ्यांना म्हणाल्या, एखादा शोध लागावा तशा. “कारण दिलं की मला बोलायला जागा मिळते. ही नुसतं नको म्हणाली, तर मला काही सुचेना. ‘नको’ला कारण द्यायचं नाही. कारण मागितलं तरी द्यायचं नाही.”

मी इतकी वर्षं हक्कांवर लिहिते. एवढं साधं वाक्य मला कधी लिहिता आलं नव्हतं.

पण अडचण अशी की अक्कांची तालीम होईना. त्या ताट घेऊन बसल्या की समोरच्याला आग्रहच करता यायचा नाही. अण्णा दोन शब्द बोलून “जाऊ द्या की अक्का, नको तर नको” म्हणायचे. बँकेतली मुलगी पातेलं घेऊन नमस्कारच करायची. सगळ्यांना अक्का शिकवत होत्या आणि स्वतः घरी ताट संपवून ओकतच होत्या. डॉक्टरबाईंच्या सुया चालू होत्या, वजन उतरायचं थांबत नव्हतं, पाऊल अडखळत होतं. शेवटी एका रविवारी मीच पातेलं उचललं. माझं ऑपरेशन झालेलं नव्हतं, पण माझ्याकडे चार वर्षांचं वांगं होतं.

“एनव्वा,” मी म्हटलं, “घे.”

“नको.”

“आमच्या हातचं नको? सकाळपासनं राबलोय.”

“नको.”

“बरं, मग हे पातेल्यात राहू दे. रात्री फेकून देऊ. सकाळी येईल की कुणीतरी बाई, उचलेल.”

अक्कांचा चेहरा एकदम उतरला. “घाल,” त्या म्हणाल्या.

कुणी ‘मेलात’ म्हटलं नाही. अक्कांनी ताट मांडीवर ठेवलं, आणि जे हॉस्टेलच्या एकाही पोरीला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. त्यांची आई लग्नांच्या पंगती उठल्यावर पत्रावळी उचलायची. त्यात जे उरायचं, ती तिची मजुरी. छप्पन्न साली अक्का पोटात असताना आईवडलांनी धम्म घेतला आणि वडलांनी घरात दोन नियम केले: कुणाचं उष्टं घ्यायचं नाही, आणि कुणासाठी उष्टं ठेवायचं नाही. “मी उष्टं न खाता जन्मलेली घरातली पहिली,” अक्का म्हणाल्या. “आई शेवटपर्यंत ताट बोटानं पुसून घ्यायची. आता मी ताटात टाकू? कुणी उचलायचं ते?”

अण्णा टोपीशी चाळा करत होते. खाली बघूनच म्हणाले, “त्या पंगती आमच्याच असतील, अक्का. आमच्या नाही तर आमच्यासारख्यांच्या.”

“माहिती आहे मला,” अक्का म्हणाल्या. “म्हणून तर तुम्हाला जास्त आग्रह करते.”

सगळे हसले, अण्णाही. पण प्रश्न तसाच राहिला. टाकणार नाही आणि खाल्लं तर मरेन, यातून वाट एकच होती: ताटात पडूच द्यायचं नाही. आणि ताटात पाडणारे सगळं गाव.

त्या हिवाळ्यात हॉस्टेलच्या एका पोरीचं धारवाडात लग्न होतं. अक्का गेल्या नाहीत तर पोरगी मांडवात बसणार नाही म्हणाली होती. अक्का, अण्णा आणि मी एका रांगेत बसलो. भात आला, “नको.” पुरी आली, “नको.” आवाज खणखणीत, कारण नाही, हसू नाही. वाढपी चमकून पुढे जात होते. एक चमचा डाळ, थोडं पनीर, अक्का सावकाश चावत होत्या. मला वाटलं, जमलं.

मग मुलीचे वडील स्वतः आले, लाडवांचं ताट घेऊन, मागे फोटोवाला.

“अक्का, हा माझ्या हातचा.”

“नको.”

“तुमच्या पोरीचं लग्न आहे हो!”

“नको.”

“एक! एकानं काय होतंय?”

अक्कांनी दोन्ही हात ताटावर धरले. रांग हसायला लागली; आमच्याकडे हा खेळच समजतात. वडीलही हसले आणि मोठ्या प्रेमानं, दोन हातांच्या फटीतून, लाडू खाली सरकवला. फोटो निघाला. टाळ्या झाल्या.

लाडू ताटात होता. मी अक्कांचा हात धरायला गेले, अण्णांनी मला खुणेनं थांबवलं. अक्का लाडवाकडे बघत होत्या. मग ताट उचलून उभ्या राहिल्या. चालू पंगतीतून उठणं म्हणजे घरच्या तोंडावर मारणं. वडलांचं हसू गेलं. “काय चुकलं, अक्का?”

“तुम्ही वाढलंत, तर खरं म्हणजे तुम्हीच उचलायला पाहिजे,” अक्का म्हणाल्या. “पण आज मुलीचे बाप आहात, म्हणून सोडते.”

त्या एक एक पाऊल जपून टाकत मांडवामागे गेल्या. मी मागोमाग. तिथे एक बाई भांडी घासत बसली होती. तिनं ताटाला हात पुढे केला. “राहू द्या की अक्का, मी करते.”

“तुझं तू कर. हे माझं आहे.”

अक्कांनी लाडू आपल्या हातानं बादलीत टाकला. खाली वाकून ताट घासलं, दोन पाण्यांनी धुतलं, पदरानं पुसलं आणि स्वच्छ ताटांच्या ढिगावर ठेवलं. बाई बघत राहिली. तिला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलंय.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. नवलूर मागे पडल्यावर म्हणाल्या, “टाकलं गं मी आज.” आवाजावरून मला कळलं नाही की बाई जिंकून आल्यात की कुणाला पोचवून. त्या दिवशी त्या ओकल्या नाहीत, एवढं मला माहीत आहे. त्यानंतर हळूहळू मुंग्या थांबल्या, पाऊल सरळ पडायला लागलं.

अक्कांच्या पुढच्या खोलीत रविवार अजून चालू आहे. गदगहून, हावेरीहून माणसं येतात. हॉस्पिटलनं आता आपल्या माहितीपत्रकात छापलंय, ‘रुग्णांसाठी आमचा नियमित आधारगट’, आणि खाली पत्ता अक्कांचा. फोनवर अजून गाणंच वाजतं. त्याबद्दल माझं दुसरं पत्रक छापायला गेलंय, डाळ घालून.

पण हे लिहिलंय ते तुमच्यासाठी. आमच्या तालमीत आता आग्रह करणारे उरले नाहीत. जे स्वतः ताटासमोर बसलेत, त्यांना मनापासून दुसऱ्याच्या उरावर बसता येत नाही. अक्काही हल्ली मध्येच मऊ पडतात. आम्हाला असं माणूस हवंय, ज्याला ‘नको’ ऐकूच येत नाही. लाजू नका. मी तुम्हाला लग्नांत पाहिलंय, बारशात पाहिलंय, आजाऱ्याच्या उशाशी डबा उघडताना पाहिलंय. येत्या रविवारी सकाळी दहाला या. रिकामं पातेलं आम्ही देऊ. तुमच्या आईची, गावाची, प्रेमाची सगळी शपथ घाला, काही शिल्लक ठेवू नका. आणि समोरची बाई एकदा ‘नको’ म्हणाली, एकदाच, हळू, कारण न देता, की तिथे थांबून दाखवा.